टोमॅटोच्या रोपातला व्हायरस पकडणारा डीएनए बायोसेन्सर संच : नाशिकच्या प्रयोगशाळांसाठी परीक्षण

निकाल आधीच सांगतो. हातात मावणारा पोटेन्शिओस्टॅट (पट्टीला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारी डबी) आणि सोन्याच्या छापील पट्ट्या असा संच नाशिकमधल्या बायोटेक्नॉलॉजी किंवा रसायनशास्त्राच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेनं जरूर घ्यावा. रोपवाटिकेनं एकटीनं घेऊ नये. प्रयोगशाळेत पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवणारं) असेल तर या संचाचं सोनं होतं. नसेल, आणि हाच संच पीसीआरची जागा घेईल अशी आशा असेल, तर पैसे घालू नका. असं का, ते पुढे येईलच. ज्यांनी संच आधीच घेतला आहे त्यांच्या पट्ट्या वाया जाऊ नयेत हाही हेतू आहे, कारण एकदा वापरलेली पट्टी परत येत नाही.

परीक्षण एका ब्रँडचं नाही, या घडणीच्या संचाचं आहे. पट्टी म्हणजे साधारण ३४ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद सिरॅमिकचा तुकडा. मधोमध ४ मिलिमीटर व्यासाची सोन्याची गोल टिकली, म्हणजे वर्किंग इलेक्ट्रोड. तिच्याभोवती सोन्याची कमान, तो काउंटर. बाजूला चांदीचा छोटा ठिपका, तो रेफरन्स. मेट्रोहम ड्रॉपसेन्सच्या २२०एटी आणि २२०बीटी या पट्ट्या याच घडणीच्या आहेत. एटीची शाई उच्च तापमानाला भाजलेली असते, बीटीची कमी तापमानाला. यंत्राच्या बाजूला पामसेन्सच्या सेन्सिट स्मार्टसारखी फोनच्या यूएसबी-सी खाचेत बसणारी डबी येते, किंवा लॅपटॉपला जोडायचा थोडा मोठा डबा. पुढचं सगळं या प्रकारच्या कुठल्याही संचाला लागू आहे, कारण अडचणी सोनं, चांदी आणि मिठाच्या पाण्याच्या आहेत, छापलेल्या नावाच्या नाहीत.

उदाहरणाला टोमॅटो घेतला आहे. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, गिरणारे, सिन्नर या पट्ट्यात पर्णगुच्छ, काही गावांत ज्याला बोकड्या म्हणतात, तो रोग पांढऱ्या माशीमार्फत येतो आणि रोपात शिरल्यावर पानं आकसून वर वळायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. तोवर ट्रेमधलं रोप शेतात लागलेलं असतं. त्यामागचा व्हायरस बेगोमोव्हायरस, म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरणाऱ्या गटातला आहे आणि त्याचा जीनोम एकेरी साखळीच्या गोल डीएनएचा, सुमारे २,७०० बेसचा. बहुतेक वनस्पती व्हायरस आरएनएचे असतात आणि त्यांच्यासाठी आधी आरएनएचा डीएनए करावा लागतो. इथे ती पायरी वाचते. डीएनए सेन्सर शिकायला आणि शिकवायला याहून सोयीचा व्हायरस आपल्या जिल्ह्यात नाही.

डीएनए इलेक्ट्रोडवर विद्युत संकेत देतो हे ब्र्नोच्या एमिल पालेचेक यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं. ठरावीक क्रम ओळखणारा व्होल्टॅमेट्रिक (व्होल्टेज बदलत करंट मोजणारा) सेन्सर मिलान आणि मिकेल्सन यांनी १९९३ मध्ये मांडला. पद्धत जुनी आणि पक्की आहे. तिच्या नावानं संशय घेण्याचं कारण नाही.

यंत्राबद्दल

यंत्र हा संचाचा सगळ्यात भरवशाचा भाग आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. डबी हातात पडताच पट्टी लावू नका. आधी १० किलोओहमचा एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर आणा. एमजी रोडच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतो. वर्किंगची तार एका टोकाला, काउंटर आणि रेफरन्स दोन्ही दुसऱ्या टोकाला. १०० मिलिव्होल्ट द्या, १० मायक्रोअँपियर आले पाहिजेत. व्होल्टेज सरकवत नेलं की सरळ रेघ यायला हवी. हे जमलं तर पुढे जे काही बिघडेल ते यंत्रात नाही, पट्टीवर आहे, हे मनाशी पक्कं धरता येतं. ही तपासणी दर सोमवारी करावी आणि वहीत नोंदवावी.

दुसरी गोष्ट आपल्या विजेची. स्क्वेअर वेव्हची, म्हणजे मोजणीत व्होल्टेज खालीवर झुलवण्याच्या पद्धतीची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या जवळ किंवा तिच्या पटीत ठेवू नका. परदेशी प्रोटोकॉलमध्ये सर्रास ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्याकडे ६० घेतलं तर मेन्सचा गुणगुणाट शेजारीच असल्यानं शिखराच्या (करंटच्या आलेखातल्या उंचवट्याच्या) पायथ्याशी संथ लाटा दिसतात. २५ किंवा ७० ते ८० च्या दरम्यान ठेवा. मोजणीच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर चार्जर लावताक्षणी गोंगाट दुप्पट झालेला दिसतो, आणि ते सेन्सरचं दुखणं समजून लोक दिवसभर प्रोब (पट्टीवर बसवलेली, व्हायरस ओळखणारी डीएनए साखळी) बदलत बसतात.

कनेक्टर मात्र लक्ष ठेवण्याची जागा. पट्टीवरचा थेंब जरासा जास्त झाला की ओघळून चांदीच्या पायांपर्यंत जातो, कनेक्टरच्या आत मीठ बसतं आणि पुढच्या पट्टीत शिखर मधेच तुटतं. ५० मायक्रोलिटरचा थेंब तिन्ही इलेक्ट्रोड झाकायला पुरतो. १०० घालू नका. कनेक्टर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसा आणि दोन सुटे विकत घेऊन ठेवा.

पट्टीबद्दल

छापलेलं सोनं म्हणजे पत्र्याचं सोनं नव्हे. भिंगाखाली ते खरखरीत दिसतं, भाजलेल्या रव्यासारखं. या खरखरीत पृष्ठभागावर थायॉल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट असलेल्या) रेणूंचा थर पत्र्यावर बसतो तितका एकसारखा बसत नाही, आणि दोन पट्ट्यांमधला फरक बव्हंशी इथूनच येतो. म्हणून प्रत्येक पट्टीचं सोनं आधी मोजून घ्यावं, ही पायरी गाळू नये.

मोजायचं असं. इथेनॉल आणि मग शुद्ध पाण्यानं धुऊन ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लाचा थेंब ठेवायचा आणि ० ते १.२ व्होल्टपर्यंत, सेकंदाला ०.१ व्होल्ट या वेगानं दहा फेऱ्या घ्यायच्या. परतीच्या वाटेवर सोन्याच्या ऑक्साइडचं एक खोल शिखर दिसतं. फेऱ्या एकमेकींवर बसू लागल्या की सोनं स्वच्छ झालं. त्या शिखराखालचा चार्ज काढा. गुळगुळीत सोन्यासाठी चौरस सेंटिमीटरला ३९० मायक्रोकुलोम धरतात. ४ मिलिमीटरच्या टिकलीचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे हिशोबानं सुमारे ४९. छापील सोन्यावर यापेक्षा जास्तच येणार, कारण खरखर म्हणजे जास्तीचं क्षेत्रफळ. आकडा किती आला याला महत्त्व कमी. एका डब्यातल्या पट्ट्यांचे आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत याला जास्त. सरासरीपासून १० टक्क्यांहून दूर गेलेल्या पट्ट्या सरावाला बाजूला काढाव्यात.

या पायरीत तीन चुका नेहमी होतात. पहिली, आम्लात क्लोराइड जाऊ देणं: वरच्या व्होल्टेजला क्लोराइड सोन्याला विरघळवतं आणि टिकली फिकी पडते. दुसरी, पिरान्हा (तीव्र आम्ल-पेरॉक्साइड मिश्रण) किंवा अॅल्युमिना पावडर वापरणं. ते पत्र्याच्या इलेक्ट्रोडचे उपाय आहेत, छापील शाई आणि तिच्यावरचं इन्सुलेशन त्यात टिकत नाही. तिसरी, चांदीच्या ठिपक्याला खरा रेफरन्स समजणं. तो उघडी चांदी आहे. द्रावणातल्या क्लोराइडनुसार त्याचं पोटेन्शियल सरकतं. आम्लात ऑक्साइडचं शिखर एका जागी आणि मिठाच्या बफरमध्ये मिथिलीन ब्लूचं (प्रोबच्या टोकाला जोडलेल्या, संकेत देणाऱ्या निळ्या रंगद्रव्याचं) शिखर अपेक्षेपेक्षा ३०-४० मिलिव्होल्ट बाजूला आलं तर घाबरू नका. मात्र प्रोबचं मोजमाप प्रत्येक वेळी त्याच बफरमध्ये, त्याच क्लोराइडमध्ये घ्या.

पावसाळ्यात या चांदीवर काळपट थर येतो. उघडलेलं पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा. जूनमध्ये वर्षभराचा साठा मागवण्यापेक्षा दोनदा मागवा.

प्रोब बसवणं

इथे जो वेळ देईल त्याचा सेन्सर चालेल. प्रोब म्हणजे २० ते २५ बेसची कृत्रिम डीएनए साखळी. एका टोकाला सोन्याला धरणारा थायॉल, दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू. मागवताना ‘एचपीएलसी शुद्ध’ असं ऑर्डरमध्ये लिहा. साध्या शुद्धतेच्या प्रोबमध्ये अर्धवट साखळ्या असतात, त्याही सोन्यावर जागा धरतात. व्हायरसच्या कोट प्रोटीन जीनमधला, स्थानिक नमुन्यांत न बदलणारा भाग निवडा. बेगोमोव्हायरसांच्या सगळ्या कुळात टीएएटीएटीटीएसी हे नऊ बेस सारखे असतात हे खरं, पण नऊ बेसचा प्रोब फार आखूड पडतो आणि जो जेमिनीव्हायरस (बेगोमोव्हायरस ज्यात मोडतात ते मोठं कुळ) दिसेल त्याला चिकटायला बघतो.

थायॉल येतो तो जोडीनं बांधलेला, डायसल्फाइड होऊन. तो मोकळा करायला टीसेप हे क्षपण करणारं रसायन वापरा. १०० मायक्रोमोलर प्रोबचा १ मायक्रोलिटर, त्यात १० मिलिमोलर टीसेपचे २ मायक्रोलिटर, एक तास अंधारात. प्रोबची निळी झाक जाऊन द्रावण पाण्यासारखं होतं. टीसेप मिथिलीन ब्लूलाही क्षपित करतो, म्हणून रंग जातो. हवेत आणि इलेक्ट्रोडवर तो परत येतो. हे माहीत नसल्यानं ‘प्रोब खराब झाला’ म्हणून चांगला प्रोब फेकून दिला जातो. मग १ मोलर मीठ असलेल्या, पीएच ७.४ च्या १० मिलिमोलर फॉस्फेट बफरनं हे १०० मायक्रोलिटर करा. प्रोब १ मायक्रोमोलर झाला. एका टिकलीवर १० मायक्रोलिटर, म्हणजे हिशोबानं दहा आणि प्रत्यक्षात नऊ पट्ट्या. मीठ इतकं जास्त का, तर डीएनए ऋणभारित असतो, साखळ्या एकमेकींना ढकलतात. मीठ हा धक्का झाकतं आणि साखळ्या पुरेशा जवळ बसतात.

थेंब ठेवल्यावर पट्टी झाकणाच्या पेट्री डिशमध्ये, ओल्या फिल्टर पेपरशेजारी ठेवा. नाशिकचा एप्रिल-मे इथे आडवा येतो. दुपारी हवा इतकी कोरडी असते की १० मायक्रोलिटरचा थेंब अर्ध्या तासात कडेनं आटतो, मीठ कडेला जमतं आणि प्रोब रिंगण करून बसतो. पट्टी तिरकी धरून उजेडात पाहिलं तर हे रिंगण डोळ्यांनी दिसतं: टिकलीच्या काठाला पांढुरकी कड, मध्ये चकचकीत सोनं. अशी पट्टी पुढे नेऊ नका. रात्रभर ४ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवणं उत्तम, फक्त फिल्टर पेपर खरोखर ओला हवा.

नंतरची पायरी मर्कॅप्टोहेक्झानॉलची. प्रोबच्या मधल्या उघड्या सोन्यावर हे छोटे रेणू बसतात, आडव्या पडलेल्या साखळ्या उभ्या करतात आणि भलत्या गोष्टी सोन्याला चिकटू देत नाहीत. शुद्ध द्रव सुमारे ७.३ मोलर असतो, तेव्हा १ मायक्रोलिटर ७.३ मिलिलिटर बफरमध्ये घातला की १ मिलिमोलर. रोज ताजं करा, फ्युम हूडमध्ये करा. वास उग्र असतो. एक तास पुरे. रात्रभर ठेवलं तर हेच रेणू प्रोबला ढकलून बाहेर काढतात आणि सकाळी शिखर निम्मं झालेलं असतं.

प्रोब किती बसला हे शिखराखालच्या चार्जवरून कळतं. हायब्रिडायझेशनला (टार्गेट, म्हणजे शोधायची साखळी, प्रोबशी जुळण्याला) सोयीची घनता चौरस सेंटिमीटरला ३ × १०^१२ साखळ्यांच्या आसपास असते. ०.१२६ चौरस सेंटिमीटरवर त्या सुमारे ३.८ × १०^११ होतात, प्रत्येक मिथिलीन ब्लू दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे चार्ज ०.१२ मायक्रोकुलोम. तुमच्या पट्टीचं खरखरीत क्षेत्रफळ वर मोजलंच आहे, त्या प्रमाणात आकडा वाढवा. चार्ज याच्या पाचपट आला तर आनंद मानू नका. साखळ्या इतक्या दाट झाल्या आहेत की टार्गेटला आत शिरायला जागा नाही. पुढच्या वेळी प्रोब ०.२ मायक्रोमोलरवर आणा.

मोजणी ० पासून उणे ०.५ व्होल्टपर्यंत, २५ मिलिव्होल्ट अँप्लिट्यूड, १ ते २ मिलिव्होल्टची पायरी. मिथिलीन ब्लूचं शिखर उणे ०.२५ ते ०.३ च्या आसपास येतं. त्याच पट्ट्यात हवेतला ऑक्सिजनही सोन्यावर करंट देतो, म्हणून पायथा तिरका दिसतो. शिखराची उंची पायथ्याच्या रेषेपासून मोजा, शून्यापासून नव्हे. उणे ०.६ च्या पुढे कधी जाऊ नका, थायॉलचा थर सोन्यावरून सुटायला लागतो.

शिखर घटतं, आणि तिथेच धोका आहे

एकेरी साखळी ओल्या सुतळीसारखी लवचिक असते. तिच्या टोकाचा मिथिलीन ब्लू सारखा सोन्याला येऊन टेकतो आणि शिखर उंच येतं. टार्गेट जुळलं की दुहेरी साखळी काडीसारखी ताठ उभी राहते, टोक वर जातं, शिखर घटतं. म्हणजे रोग सापडला की संकेत कमी होतो. अडचण ही की संकेत कमी व्हायला रोगच लागतो असं नाही. थर सुटला, पानातला चिकट पदार्थ बसला, कनेक्टर सैल झाला, तरी शिखर घटतं आणि निरोगी रोप आजारी ठरतं.

यावर उपाय एकच, कोऱ्या पट्ट्या, म्हणजे तुलनेसाठीच्या. एका नमुन्यासाठी तीन पट्ट्या, सोबत निरोगी रोपाच्या तीन, टेम्प्लेट (नमुन्याचा डीएनए) न घातलेल्या पीसीआरच्या तीन, आणि कृत्रिम टार्गेटच्या तीन. पहिल्या दिवशी एका नमुन्याला बारा पट्ट्या. डब्यात ७५ असतील तर सहा वेळा पुरतात. हे महाग वाटतं, आहेच. पण निरोगी पट्ट्यांमधल्या घटीची सरासरी आणि त्यात तीन स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवून जो आकडा येतो, त्यापुढे घट गेली तरच पॉझिटिव्ह म्हणता येतं. संचासोबत येणाऱ्या सूचनापत्रकांत साधारणपणे एक पट्टी, एक थेंब, एक आलेख असं सुटसुटीत चित्र असतं. त्या चित्रात कोऱ्या पट्टीला जागा नसणं ही या प्रकारच्या संचांची आमच्या मते सगळ्यात मोठी उणीव आहे. शिकाऊ मुलांच्या हातात ते पत्रक जातं आणि पहिल्याच आठवड्यात चुकीची सवय लागते.

नमुना : थायॉल शोधा

आता मुख्य मुद्द्याकडे. सेन्सर कृत्रिम टार्गेटवर छान चालतो आणि पानाच्या अर्कावर आडवा पडतो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पट्टीचा नसतो. प्रोब सोन्याला थायॉलनं धरलेला आहे, आणि नमुना तयार करायच्या निम्म्या रसायनांत थायॉलच आहे.

टोमॅटोच्या पानातून डीएनए काढायची रूढ रीत सीटॅबची. १०० मिलिग्रॅम कोवळं पान, २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, ट्रिस, ईडीटीए, पीव्हीपी, आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. शेवटचं नाव नीट वाचा: ते थायॉल आहे. पान तपकिरी पडू नये म्हणून घालतात आणि ते काम चोख करतं. पण त्याचा अंश जरी डीएनएसोबत पट्टीवर आला तर तो सोन्यावर जाऊन प्रोबला उठवतो. शिखर घटतं. पॉझिटिव्ह! सीटॅबही साधं नाही: धनभारित साबण, डीएनएला चिकटून राहतो आणि प्रोबलाही चिकटतो. म्हणून क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोलनं दोनदा काढा, आयसोप्रोपेनॉलनं डीएनए खाली बसवल्यावर ७० टक्के इथेनॉलनं एकदा नाही, दोनदा धुवा आणि गोळी पूर्ण कोरडी होऊ द्या. गोळी पांढरी हवी. चहासारखी तपकिरी आली तर त्यात पॉलिफेनॉल आहेत, ते इलेक्ट्रोडवर थर धरतात. त्या नमुन्याला कॉलममधून काढल्याशिवाय पट्टी देऊ नका.

पीसीआरमध्येही तेच. पॉलिमरेज एन्झाइमच्या साठवणीच्या बफरमध्ये बहुधा डीटीटी असतं. आरएनए व्हायरससाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएचा डीएनए करणं) केलं तर त्या बफरमध्ये डीटीटीची मात्रा आणखी मोठी. डीटीटीच्या रेणूवर दोन थायॉल आहेत. पीसीआरचं मिश्रण सरळ नळीतून पट्टीवर टाकू नये. क्लीन-अप कॉलम वापरून शुद्ध पाण्यात किंवा ट्रिसमध्ये काढून घ्या. टेम्प्लेट न घातलेली पीसीआर कोऱ्या पट्ट्यांमध्ये का घेतली ते आता लक्षात येईल. तिच्यात व्हायरस नाही पण बाकी सगळं आहे. तिच्यावरही शिखर घटलं तर दोष बाटलीत आहे, पानात नाही.

आणखी एक चूक इतकी साधी आहे की सांगायला संकोच वाटतो, पण ती वारंवार होते. पीसीआरचं उत्पादन दुहेरी साखळीचं असतं. दोन साखळ्या आधीच एकमेकींत अडकलेल्या असताना प्रोबशी कोण जोडणार? ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळून लगेच बर्फात बुडवा आणि लगेच पट्टीवर घ्या. त्याहून चांगलं म्हणजे असिमेट्रिक पीसीआर, एक प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) दुसऱ्याच्या दहा ते शंभर पट कमी, म्हणजे एकेरी साखळी जास्त तयार होते. उत्पादन १०० ते १५० बेसचं ठेवा. ५०० बेसची लांब साखळी टिकलीवर गुंता करते.

हायब्रिडायझेशनचं तापमान ‘रूम टेंपरेचर’ असं कधी लिहू नका. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, एप्रिलमध्ये त्याच टेबलावर पस्तीस असतो. थंडीत एक-दोन बेस न जुळणारी साखळीही चिकटून राहते, उन्हाळ्यात जुळणारीही सैल होते. हीटिंग ब्लॉक किंवा इनक्युबेटर ४० अंशांवर, ४५ मिनिटं, पट्टी झाकलेली. मग कमी मिठाच्या बफरनं धुणं, आणि मोजणी पुन्हा मूळ बफरमध्ये.

किती सूक्ष्म?

जाहिरातींत फेम्टोमोलरचे आकडे असतात. हिशोब स्वतः करून पाहा. १ नॅनोमोलर टार्गेटच्या १० मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६ × १०^९, म्हणजे सहाशे कोटी रेणू असतात. वर सांगितल्याप्रमाणे टिकलीवर सुमारे अडतीस हजार कोटी प्रोब आहेत. शिखरात एक-दोन टक्के घट दिसायलाही इतके रेणू खाली उतरून जोडले जावे लागतात. साध्या प्रोबला तासाभरात नॅनोमोलरच्या आसपासचं टार्गेट दिसतं, त्याखाली नाही असं धरून चाला. १ फेम्टोमोलर म्हणजे त्याच थेंबात सहा हजार रेणू. ते इतक्या मोठ्या टिकलीवर या रीतीनं दिसणार नाहीत. पीसीआर मात्र काही दहा प्रतींपासून सुरुवात करून कोट्यवधी करतं. म्हणून वाढवायचं काम पीसीआरचं आणि ओळखायचं काम पट्टीचं. दवाखान्यांसाठी तयार झालेल्या जेनमार्कच्या ई-सेन्सर यंत्रणेनंही, जी सोन्याचे इलेक्ट्रोड आणि फेरोसीन हे संकेत देणारं संयुग वापरते, आधी डीएनए वाढवून घेण्याचीच वाट धरली. आपल्याकडच्या संचानं ती पायरी टाळायचं वचन दिलं तर विक्रेत्याला पानाच्या अर्कातला आकडा मागा, कृत्रिम टार्गेटचा नको.

मग जेल इलेक्ट्रोफोरेसिस (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करण्याची रूढ रीत) सोडून पट्टी का? कारण जेलवर फक्त लांबी दिसते, पट्टी क्रम तपासते. प्रायमर-डायमर किंवा भलतं उत्पादन जेलवर फसवू शकतं, पट्टीवर जुळत नाही. आणि जेलसाठी लागणारं इथिडियम ब्रोमाइड हे घातक रंगद्रव्य हाताळावं लागत नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गाला हा फरक एका दुपारी दाखवता येतो, एवढ्यासाठीही संच मोलाचा आहे.

कशासाठी घेऊ नये

२०२० च्या उन्हाळी टोमॅटोवर जो रोग आला आणि शेतकऱ्यांनी ज्याला ‘तिरंगा’ म्हटलं, तसल्या लक्षणांच्या फळांसाठी पर्णगुच्छाचा प्रोब कामाचा नाही. कुकुंबर मोझॅकसारखे व्हायरस आरएनएचे आहेत. वेगळा प्रोब, वेगळे प्रायमर, आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. पट्टी ज्याचा प्रोब त्याच्याबद्दलच बोलते. निगेटिव्ह आली म्हणजे रोप निरोगी, असं रोपवाटिकेला सांगू नये.

पावसाळा आला की ‘यावर डेंग्यू होईल का’ असं विचारलं जातं. प्रयोगासाठी कृत्रिम क्रम वापरून शिकता येतं. माणसाच्या रक्तावर नाही. रोगनिदानाचं साधन वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली परवान्याचं असावं लागतं, आणि रक्ताचे नमुने हाताळायला लागणारी जैवसुरक्षा महाविद्यालयाच्या टेबलावर नसते.

मागणी नोंदवताना

कोटेशनमध्ये जीएसटी, कस्टम्स आणि शीतसाखळीचा खर्च वेगळा लिहून घ्या. प्रोब कोरडा पावडर रूपात मागवला तर बर्फाची गरज नसते. पट्ट्या एकाच लॉटच्या द्याव्यात अशी अट लेखी घाला, कारण लॉट बदलला की वरचे सगळे चार्जचे आकडे नव्यानं काढावे लागतात. पहिल्या मागणीत यंत्र, दोन कनेक्टर, पट्ट्यांचे दोन डबे, एक जुळणारं आणि एक तीन बेस न जुळणारं कृत्रिम टार्गेट एवढं असू द्या. प्रोब आल्या दिवशी १० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा, म्हणजे दर वापराला सगळा प्रोब पुन्हा पुन्हा गोठत-वितळत राहत नाही. फेरीसायनाइडनं इम्पीडन्स (विद्युत अडथळा) मोजणार असाल तर त्याची कचऱ्याची बाटली सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीपासून वेगळी, वेगळ्या कप्प्यात, मोठ्या अक्षरांत नाव घालून ठेवा. दोन्ही एकत्र आले तर विषारी हायड्रोजन सायनाइड तयार होण्याचा धोका असतो.